सोळा तास पंचेचाळीस मिनिटं

मी नववीत असताना बाबांनी मला एका नळापर्यंतची पावलं मोजायला पाठवलं होतं. आमची तेव्हाची वस्ती पुण्यातच, पण पाण्याचा नळ वस्तीच्या बाहेर. 'नळ जवळच आहे' असं कुठल्याशा कार्यालयाने लेखी कळवलं होतं आणि बाबा त्याला उत्तर म्हणून पत्रक लिहायला बसले होते.

मी पळत गेले, पळत आले. "चारशे दहा."

"हातात काय होतं?"

"हंडा."

"भरलेला?"

"जाताना कसा भरलेला असेल?"

"मग परत जा. भर. येताना मोज."

येताना पाचशे साठ भरली. डोक्यावर ओझं असलं की पाऊल आखूड पडतं, मधे दोनदा थांबावं लागतं, थांबल्यावर पहिलं पाऊल तर अगदीच वीतभर. बाबांनी पत्रकात दोन्ही आकडे छापले. खाली स्वतःचं नाव, पत्ता आणि छापखान्याचं नाव. "ज्या कागदाखाली माणसाचं नाव नाही, तो कागद वाचायचा नाही," असं ते म्हणायचे. मला ते तेव्हा पटलं होतं आणि आजही पटतं. पण पुढे मी स्वतः असेच कागद तयार करायला लागले, आणि त्यातला एक आमच्याच घरात आला. ती हकीकत मला लिहायची आहे.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. विहाराच्या ओट्यावर बसून मी आणि ताई ती दुमडायचो. आधी उभी घडी, मग आडवी, म्हणजे कामावर जाणाऱ्या माणसाच्या शर्टाच्या खिशात सरळ जातात. 'खाउजा' हा शब्द मी तेरापर्यंतच्या पाढ्यांच्या आधी शिकले. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. बाबांनी त्याच्याविरुद्ध इतकी पत्रकं लिहिली की कारखाना बंद होऊन त्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद पडला, तेव्हा कागद देणारा साहेब म्हणाला, "तुम्हाला तर आधीच माहीत होतं." मिळालेल्या पैशातून आम्ही धायरीला दोन खोल्या घेतल्या. तिथे नळ घरात होता.

जागतिकीकरणाने आमच्याकडे बघून बहुतेक गालातल्या गालात हसायचं ठरवलं असावं. ताई संगणकशास्त्र शिकली, हिंजवडीत लागली, तिथल्याच मुलाशी लग्न करून शिकागोला गेली. मी मराठीत एम.ए. करून शनिवार पेठेतल्या एका कार्यालयात चिकटले. खाली लग्नपत्रिकांचं दुकान, वर आम्ही सात जण आणि सात संगणक. परदेशातल्या प्रवासाच्या एका संकेतस्थळासाठी आम्ही पानं लिहायचो, इंग्रजीत. प्रत्येक पान म्हणजे दोन विमानतळ: त्यांच्यातलं अंतर किती, विमानाला वेळ किती लागतो, घड्याळात फरक किती. दिवसाला चाळीस पानं. घरी मी एवढंच सांगितलं होतं की संगणकावर लिहायचं काम आहे. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "धाकटी लेखनच करते." मी विषय बदलायचे.

अंतर तयार तक्त्यात यायचं. पृथ्वीच्या पाठीवरून दोरी ताणली तर किती भरेल, तेवढं. वेळ आम्ही काढायचो: अंतर भागिले आठशे, अधिक अर्धा तास, वर चढायला आणि खाली उतरायला. मधे समुद्र असो, युद्ध असो, त्या दोन गावांमधे आजवर एकही विमान उडालेलं नसो, भागाकार सगळ्यांना सारखा.

पुणे ते शिकागो हे पान माझ्या वाट्याला आलं तेव्हा मी साहेबांच्या टेबलापाशी गेले. साहेब पन्नाशीचे, शांत, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे.

"सर, पुण्याहून शिकागोला विमान जातच नाही."

"बरं."

"मग सोळा तास पंचेचाळीस मिनिटं कशी?"

"तेरा हजार भागिले आठशे, अधिक अर्धा तास. भागाकार येतो ना आपल्याला?"

"पण कुणी हे खरं धरलं तर?"

"अहो, हे पान वाचून कुणी लोहगावच्या विमानतळावर जाऊन उभं राहणार आहे का? तिकीट काढताना कळतंच माणसाला." मग त्यांनी माझं पान पडद्यावर वरखाली करून पाहिलं. "हे शालीचं काय घातलंय आपण?"

पानाच्या शेवटी दोन-तीन ओळी आपल्या मनाच्या लिहायची मुभा असायची. मी लिहिलं होतं की सोबत एखादी लोकरीची शाल ठेवा, विमानात मिळणारं पांघरूण वयस्क माणसाला पुरत नाही.

"ताई म्हणते, विमानात फार थंडी वाजते."

"आपण बसलाय कधी विमानात?"

"नाही."

"मीही नाही," साहेब म्हणाले. "राहू दे. वाचायला बरं वाटतं."

मी जागेवर येऊन पुढचं पान उघडलं. पुणे ते टोरंटो. संतापले होते, पण चाळीस पूर्ण केली. माझ्या संतापाचं त्या वर्षांत असंच व्हायचं. तो संध्याकाळी बसमधे सोबत असायचा आणि धायरी फाट्याला उतरेपर्यंत थकून जायचा.

ताईला दिवस गेले आणि बाळंतपणासाठी आईने जायचं ठरलं. मी ताईवर चिडले. बाळंतपणाला इकडे ये म्हणावं, आई का जाईल एवढी लांब, एकटी, असं मी फोनवर तिला बरंच सुनावलं. तिच्या तिकडे जाण्यावरच माझा राग होता आणि तो मी कशालाही चिकटवत होते. शेवटी आई म्हणाली, "तुझं भाषण झालं का? मला जायचंय. माझी लेक हाय ती." त्यावर मी जाहीर केलं की मी या प्रवासाच्या भानगडीत पडणार नाही. बाबा म्हणाले, "नकोच पडूस. मी बघतो."

इथे आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिला मधुमेह होता आणि दिवसातून दोनदा इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागायचं, सकाळी आठला आणि रात्री आठला. नऊ वर्षं हे इंजेक्शन बाबांनीच दिलं होतं. आठ वाजता ते साबणाने हात धुवायचे, सुई भरायचे, आई पदर सरकवून भिंतीकडे बघायची. सुईकडे तिने कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. बाबा मोर्चाला गेले तरी आठच्या आत घरी. त्यांच्या एका सहकाऱ्याने एकदा म्हटलं होतं की हा माणूस पोलिसांना नाही, घड्याळाला भितो. विमानात ही सुई कोण देणार, हाच बाबांपुढचा प्रश्न होता. आणि तो त्यांनी त्यांच्या पद्धतीने, माहिती जमवून, सोडवला.

आई निघायची तो शुक्रवार होता. विमान मुंबईहून, शनिवारी पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी. चार घरची माणसं गोळा करत मुंबई विमानतळाला जाणारी गाडी दुपारी तीनला आमच्या दारात येणार होती. मी अर्धी रजा काढून साडेअकराला घरी पोचले. मे महिना, पत्रा तापलेला. खाटेवर आईची बॅग, आणि बॅगेवर एक कोरी करकरीत लोकरीची शाल, तपकिरी.

"ही शाल कशाला? मेमधे?"

"तुझ्या बाबांना विचार," आई म्हणाली. "परवा लक्ष्मी रोडला जाऊन आणली. दुकानदार हसला म्हणे."

बाबा आतून फाइल घेऊन आले. ते खुशीत होते. पत्रकाची सामग्री नीट जमली की ते असे दिसायचे. "विमानातलं पांघरूण वयस्क माणसाला पुरत नाही," ते म्हणाले. "सगळी माहिती काढली आहे. फाट्यावरच्या सायबर कॅफेत दोन तास बसलो."

त्यांनी कागद काढला. आधी उभी घडी, मग आडवी. उलगडून माझ्या हातात दिला. वर इंग्रजीत लिहिलं होतं, पुणे ते शिकागो. अंतर. वेळ: सोळा तास पंचेचाळीस मिनिटं. त्याखाली बाबांनी लाल पेनाने रेघ ओढलेली. शेवटी शाल.

आपलं वाक्य दुसऱ्याच्या हातात पाहून माणसाला आनंद होतो, असं ऐकलं होतं. मी शालीचं वाक्य दोनदा वाचलं.

"बाबा, तुम्ही यावरून काय ठरवलंत?"

त्यांनी सविस्तर सांगितलं. तिकिटावर पाहिलं तर दोन दहाला निघून शिकागोला तीन पन्नासला पोचतं, तारीखही तीच शनिवारची, म्हणजे तेरा तास चाळीस मिनिटं. हे पान सोळा पंचेचाळीस म्हणतं. मधे एका ठिकाणी विमान बदलायचं आहे, त्यामुळे फरक असणार. त्यांनी मोठा आकडा धरला. आकडा सांगायचा तर जास्तीचा सांगावा, म्हणजे कुणी खोटं पाडत नाही. मग ते डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं की सोळा-सतरा तासांचाच प्रश्न आहे, हिला सुई टोचता येत नाही, मधलं एक इंजेक्शन टाळलं तर चालेल का. डॉक्टर नाखूश होते. पण सतराच तास म्हटल्यावर, खाणं कमी ठेवायच्या अटीवर, एकदाच म्हणून, हो म्हणाले. आता रात्री आठला विमानतळावर बाबा इंजेक्शन देणार आणि नंतरचं उतरल्यावर जावई देणार. इन्सुलिनची बाटली थर्मासात बर्फ घालून मोठ्या बॅगेत तळाशी ठेवली होती. मधे लागणारच नव्हती.

मी त्यांच्या हातातून तिकीट घेतलं. माझ्याच पानाच्या तिसऱ्या ओळीत घड्याळातला फरक दिलेला होता: शिकागो आपल्या साडेदहा तास मागे. तो आकडा मी तक्त्यातून उचलून चिकटवला होता, एकदाही न वाचता. दुपारचे तीन पन्नास म्हणजे आपल्याकडे पहाटेचे दोन वीस. पण शनिवारचे नाही, रविवारचे.

"बाबा, ती वेळ तिकडच्या घड्याळाची आहे. हा प्रवास चोवीस तासांचा आहे. नुसत्या विमानांचा. त्याच्या आधी इथून तीनला निघायचं, तिथे थांबायचं. आज रात्री आठनंतर थेट रविवारी पहाटे. तीस तास होतात."

"पण इथे छापलंय," बाबा म्हणाले.

"ते खोटं आहे."

"तुला कसं माहीत?"

आई शालीची घडी घालता घालता थांबली होती. मी म्हणाले, "मीच लिहिलंय ते."

बाबांनी कागद परत घेतला. रागावतील असं वाटलं. त्यांनी फक्त कागदाच्या खालच्या कडेकडे पाहिलं, मग उलटा करून मागे पाहिलं. "नाव कुठाय?"

"नसतं बाबा. तिथे कुणाचंच नसतं."

"तरी मी वाचलं," ते स्वतःशीच म्हणाले आणि चपला घालू लागले. "चल. दवाखाना एकला बंद होतो."

बाबांनी सिंहगड रस्त्यावरून स्कूटर पळवली. मी मागे बसून तास मोजत होते. पुन्हा पुन्हा मोजत होते, कुठे तरी चुकलं असेल या आशेने. शाळेपासून मला आकड्यांनी खोटं बोलणाऱ्यांची चीड होती. जाहीरनामे, आश्वासनं, सरकारी तक्ते. मी वादविवाद स्पर्धांत त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. आणि दिवसाला चाळीस या हिशेबाने मी किती माणसांना कुठल्या कुठल्या गावांमधे खोटे तास वाटले होते, ते मोजायची आता भीती वाटत होती.

डॉक्टर हात धुऊन निघायच्या बेतात होते. सगळं ऐकून ते परत बसले.

"तीस तासांना मी कधीच हो म्हणालो नसतो," ते म्हणाले. "सतरा कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

बाबांनी तोंड उघडलं. मी आधी बोलले. "मी."

"आपण काय करता?"

"लिहिते."

"काय लिहिता?"

"हेच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहायचा कागद पुढे ओढला. ते आणखी लागलं. इंग्रजीत एक पत्र लिहून दिलं, बाईंना सुया जवळ बाळगू द्याव्यात म्हणून. बाटली हातातल्या पिशवीतच ठेवायची, मोठ्या बॅगेत अजिबात नाही. हातातलं घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवायचं, तिकडे काहीही वाजलेलं असो. दर आठला सुई, पण जेवणाचं ताट समोर आल्यावरच. म्हणजे विमानात दोनदा. "आणि त्या स्वतः घेणार असतील तरच पाठवा," ते म्हणाले. "पहिली सुई आज तुमच्यासमोर घेऊ दे त्यांना. नाही जमलं तर परत आणा. तिकीट वाया गेलं तर जाऊ दे."

घरी आलो तेव्हा सव्वा वाजला होता. पावणेदोन तासांत आईने नऊ वर्षांत न केलेली गोष्ट शिकायची होती, नाही तर ताईचं बाळंतपण आईवाचून होणार होतं.

बाबांनी मोसंबं आणलं. सुईत साधं पाणी भरायचं, चिमटीत धरायचं, टोचायचं, दाबायचं. आईने सुई टेकवली आणि मोसंबं घरंगळून खाटेखाली गेलं. मी वाकून काढलं. दुसऱ्यांदाही गेलं.

"त्याला पळायला जागा हाय," आई म्हणाली. "मी कुठं पळू?"

"अगं, मुंगी चावते एवढंच होतं," बाबा म्हणाले.

"तुम्हाला चावलीय का कधी? नऊ वर्षं मुंगी तुमच्या हातात हाय आणि कातडं माझं."

मग दुसरी अडचण निघाली. सुईच्या नळीवरच्या बारीक रेघा तिला दिसत नव्हत्या, चष्मा लावूनही. बाबा उठले. प्रुफं तपासायचं लाल पेन आणलं आणि एकेका सुईवर, जिथपर्यंत औषध भरायचं तिथे, गोल लाल रेघ मारली. दहा सुया. पत्रकातली चूक शोधताना ते जसे नाकाजवळ कागद धरायचे, तशीच एकेक सुई धरली. मी बाजूला उभी राहून थर्मासमधला बर्फ बदलत होते, पिशवी भरत होते, उगाच घड्याळ बघत होते. कुणी मला ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. आईने सातव्या खेपेला मोसंब्यात सुई सरळ घातली आणि म्हणाली, "हे रडत न्हाय म्हणून जमतंय."

गाडीत आमच्या तिघांच्या जागा धरल्या होत्या. ती कोथरूडला थांबली, औंधला थांबली. औंधला एका मुलाची बॅग भरून व्हायची होती, त्यात वीस मिनिटं गेली. मी दोनदा उतरून गेटपर्यंत चालून आले. चालक म्हणाला, "मॅडम, तुम्ही चालल्याने गाडी लवकर पोचणार नाही." हे सोळा तास पंचेचाळीस मिनिटांत कुठे बसत होतं? पुण्यातून बाहेर पडायचा तास, घाटातली ट्रकची रांग, गाडी लागून आईला आलेली मळमळ? माझ्या पानावर आई पुण्यात डोळे मिटून शिकागोत उघडणार होती.

आठ वाजून वीस मिनिटांनी पोचलो. तिकीट नसलेल्यांना आत सोडत नव्हते. बाहेर कठड्यापाशी सिमेंटच्या बाकावर आम्ही बसलो. चारी बाजूंना हार घातलेली, ट्रॉल्या ढकलणारी माणसं. आईने पोळीभाजीचा डबा मांडीवर उघडला. ताट समोर आलं होतं.

बाबांनी सवयीने हात पुढे केला.

"तुम्ही हात मागं घ्या," आई म्हणाली.

तिने बाटली काढली. लाल रेघेपर्यंत भरली, बुडबुडा नखाने टिचकी मारून घालवला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे भिंतीकडे बघताना ती कधी कधी सुईकडेही बघत होती. मी पदराचा आडोसा धरला. क्षणभर तिचा हात थांबला. समोरून जाणारी एक बाई थबकली आणि तोंड फिरवून पुढे गेली. आईने डोळे मिटले, मग उघडले, आणि टोचली.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं. तुम्हीच जास्त जोरात टोचत व्हता."

बाबा उठून कठड्यापर्यंत गेले आणि परत आले. आई जेवली, तोंड पुसलं, ती शाल खांद्यावर टाकली. मुंबईचा मे, घामाच्या धारा, आणि तपकिरी लोकर. "घेतलीय तर वापरते," म्हणाली आणि दारातल्या शिपायाला डॉक्टरांचं पत्र आधीच दाखवून आत गेली. त्याने ते मागितलंही नव्हतं.

पुढचा दीड दिवस मी घरात कुठल्याही खोलीत पाच मिनिटांच्या वर बसू शकले नाही. शनिवारी सकाळी आठला बाबांनी साबणाने हात धुतले आणि टॉवेल हातात घेऊन उभे राहिले. मी पाहिलं तसे वळले. रात्री आठला पुन्हा धुतले. मधे मी खडकवासल्याच्या रस्त्याला लागून नांदेड फाट्यापर्यंत चालत गेले आणि आले. पावलं मोजत नव्हते, पण आकडे आपोआप येत होते. वीज गेली की वाटायचं, फोन बंद पडला. उचलून कानाला लावायचे. मला शत्रू हवा होता, कुठली तरी मोठी कंपनी, कुठलं तरी धोरण, ज्याच्या नावाने एक कडक पत्रक लिहिता येईल. दर वेळी पहिल्या ओळीत मीच यायचे.

रविवारी पहाटे सव्वापाचला फोन वाजला. आईच बोलत होती, लांबून आणि स्वतःच्याच आवाजाच्या मागून.

"पोचले. आत्ता घरात आले. दोन्ही वेळा घेतली."

"त्रास झाला का?"

"पहिल्यांदा न्हाय. दुसऱ्यांदा शेजारी एक गोरी म्हातारी व्हती, तिला वाटलं मी काय भलतंच करतेय. मग तिनं आपल्या पिशवीतनं तिची सुई काढून दाखवली. आम्ही दोघी हसलो. बाबांना सांग, रेघ पुसली न्हाय."

बाबांनी फोन घेतला. "शाल लागली का?" एवढंच विचारलं.

सोमवारी मी कार्यालयात गेल्या गेल्या ते पान उघडलं. वर लिहिलं: या दोन शहरांमधे थेट विमान नाही. खालचा वेळ हा फक्त भागाकार आहे. औषधाची वेळ ठरवताना घरापासून घरापर्यंतचे तास मोजा. खाली माझं नाव घातलं. पुण्याच्या इतर पानांनाही तेच केलं. दुपारपर्यंत चौदा झाली.

साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन वाचलं. मी काय घडलं ते सांगितलं.

"आई ठीक आहेत ना आपल्या?"

"आहेत."

"नाव काढा. नाव चालत नाही तिकडच्या लोकांना. बाकी मजकूर मी आज पाहिलेला नाही."

मजकूर सोळा दिवस राहिला. मग परदेशातल्या कुणीतरी एक कळ दाबून सगळी पानं पुन्हा सारखी केली. मी त्याच दिवशी राजीनामा तोंडावर फेकला, असं लिहायला मला आवडलं असतं. मी आणखी सात महिने तिथे होते. ताईने आईच्या तिकिटासाठी काढलेल्या कर्जातला आमचा वाटा आणि बाबांचा बंद झालेला पगार या दोन्हींनी मला खुर्चीत बसवून ठेवलं. पण दिवसाला चाळीस पानं मी नंतर कधी पूर्ण केली नाहीत, आणि साहेबांनी कधी विचारलं नाही.

ते सोळा दिवस बाबा रोज फाट्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन ते पान बघून यायचे. सतराव्या दिवशी परत आले आणि कागद घेऊन बसले. मला वाटलं, अर्ज लिहीत असतील. आठवड्याने त्यांनी माझ्यापुढे छापील गठ्ठा ठेवला. मथळा: परदेशी जाणाऱ्या आईवडिलांसाठी, पुण्यातील घरापासून शिकागोतील घरापर्यंत. गाडीची वाट, घाट, रांग, बाहेरचं बाक, पहिलं विमान, मधलं थांबणं, दुसरं विमान, पुन्हा रांग. प्रत्येकापुढे तास, आईला फोनवर विचारून घेतलेले. बेरीज अडतीस. त्याखाली चौकटीत 'आमची चूक' असं लिहून सोळा तास पंचेचाळीस मिनिटांची सगळी हकीकत. आणि तळाला लेखक म्हणून माझं नाव, धायरीचा पत्ता. त्यांनी मला विचारलं नव्हतं.

"मी कुठे लिहिलंय हे?"

"चूक तुझी आहे ना? मग लेखक तू," बाबा म्हणाले. "दुमड."

आम्ही दुमडली. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवली, विमानतळाच्या गाडीवाल्याने एक गठ्ठा नेला. चालकाने वाचून विचारलं, "औंधचा मुलगा यात का नाही?" बाबांनी पुढच्या खेपेला वीस मिनिटं वाढवली.

आई सहा महिन्यांनी परत आली. गाल वर आलेले, शाल तिथेच ताईच्या बाळाला देऊन आलेली. जेवणं झाल्यावर बाबांनी तिला पत्रक दिलं आणि समोर बसून राहिले. आईने चष्मा लावला. सावकाश वाचलं, बोट फिरवत.

"यात एक राहिलं."

"काय?"

"विमान बदलायला चालावं लागलं ते. एका टोकाला उतरवलं आणि दुसऱ्या टोकाला चढवलं. पाय भरून आले माझे."

बाबांनी खिशातून लाल पेन काढलं. "किती पावलं?"

"मोजली न्हाईत," आई म्हणाली. "हातात पिशवी व्हती."

घड्याळात आठला पाच कमी होते. आई उठली आणि हात धुवायला गेली.